उष्टी हवा : एका अभ्यासिकेतल्या सीओटू मोजणीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

मामांची सदाशिव पेठेत अभ्यासिका आहे. दुसरा मजला, ५२ सीट, चोवीस तास उघडी, दोन टनांचे तीन स्प्लिट एसी. खिडक्या आहेत, पण एसी लावल्यापासून त्यांवर काळी फिल्म चिकटवून कायमच्या बंद केलेल्या. मी भोसरीत एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, रविवार मोकळा असतो. म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं.

तक्रार जुनीच आहे. दुपारी तीननंतर आणि रात्री आठनंतर पोरांना बसवत नाही, डोकं जड होतं. मामांचं निदान : "मेसमध्ये चार चपात्या हाणून वर भात घेतला की कलेक्टरलाही झोप येईल." मी म्हटलं, मामा, तुम्ही एकदा रात्री आठला जिन्यातून वर येऊन दार उघडून बघा. बंद एसटीत शिरल्यासारखं वाटतं. ते म्हणाले, एसी आहे ना.

इथेच गोची आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतलीच हवा ओढतो, गार करतो, पुन्हा आत सोडतो. बाहेरचं युनिट नुसती उष्णता फेकतं. हे मामांना पटवायला अर्धा तास गेला, तरी पूर्ण पटलं नाही. ठरलं असं, की आधी खोलीतला सीओटू, म्हणजे श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, मोजू.

११ जानेवारी

ऑनलाइन १,८५० रुपयांचं 'सीओटू मीटर' मागवलं. दिसायला झकास, रंगीत पडदा. सकाळी काउंटरवर ठेवलं, आकडा ६५० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सीओटूचे ६५० भाग. मामांनी गणपतीच्या तसबिरीला उदबत्ती लावली आणि आकडा २,१००! उदबत्तीच्या काडीतून एवढा सीओटू निघत नाही. हाताला सॅनिटायझर चोळून हात जवळ नेला तर ४,०००च्या वर.

घरी नेऊन उघडलं. आत वास ओळखणारा, म्हणजे हवेतल्या वाफा पकडणारा स्वस्त सेन्सर. तो त्या वाफांवरून सीओटूचा नुसता अंदाज बांधतो. एमक्यू-१३५ नावाचा सेन्सर वापरून 'सीओटू मीटर' बनवल्याचे व्हिडिओ बघाल तर तोही याच जातीचा. खरा हवा असेल तर वर्णनात 'एनडीआयआर' किंवा 'फोटोअकूस्टिक' हे शब्द शोधा, आणि माल हातात आल्यावर सॅनिटायझरची परीक्षा घ्या. खरा सेन्सर सॅनिटायझरला दाद देत नाही, तोंडाने फुंकर मारली की मात्र उसळतो.

१,८५० रुपये पाण्यात.

१९ जानेवारी

एमएच-झेड१९ हा खरा सीओटू सेन्सर (२,१०० रुपये) आणि बुधवार पेठेतून त्याचे आकडे वाचून वाय-फायवरून फोनवर पाठवणारा ईएसपी३२ बोर्ड (४८० रुपये). सेन्सरला पाच व्होल्ट, बोर्डाशी बोलणं सीरियलवरून. जोडणीला वीस मिनिटं लागली, आरएक्स-टीएक्स (आकडे घेणारी आणि देणारी वायर) उलटे लावल्यामुळे दीड तास वाया गेला. चालू केल्यावर पहिली तीन मिनिटं येणारे आकडे टाकून द्यायचे, सेन्सर तापायला तेवढा वेळ लागतो. मी ते लिहून घेतले आणि मामांना पाठवले. मग माफी मागून परत घेतले.

२६ जानेवारी

सेन्सर कुठे लावायचा यावर अख्खा रविवार गेला. पहिल्यांदा काउंटरपाशी लावला, कारण तिथे प्लग होता. आकडा ९०० ते १,१००. मामा खूश. पण काउंटर दाराजवळ आहे, आणि दार दर मिनिटाला उघडतं.

मग पॉवर बँकेवर सेन्सर लावून खोलीभर फिरलो. दाराशी १,०५०. मधल्या रांगेत पार्टिशनच्या वर १,९००. शेवटच्या रांगेत २,४००. तिथे एक पोरगा राज्यघटनेवर डोकं टेकवून झोपला होता. त्याच्या कप्प्यात, नाकापासून वीतभर अंतरावर सेन्सर धरला तर २,९००. कप्प्याची पार्टिशन चार फूट उंच आहेत, त्यामुळे माणूस स्वतःच सोडलेल्या हवेत बसलेला असतो. तो जागा झाला आणि म्हणाला, "दादा, काय करताय?" म्हटलं, झोप तू.

शेवटी जागा ठरली : मधल्या रांगेच्या खांबावर, जमिनीपासून साडेचार फुटांवर, एसीच्या झोतात नाही, कुणाच्या तोंडासमोर नाही.

४ फेब्रुवारी

आकडे रोज थोडे थोडे चांगले दिसायला लागले होते. काहीही न करता. मला वाटलं, पोरं कमी झाली असतील. आज पहाटे चारला जाग आली म्हणून फोनवर बघितलं : ४०८. बाहेरच्या हवेतच आता सुमारे ४२५ असतो. म्हणजे अभ्यासिकेतली हवा पर्वतीवरच्या हवेपेक्षा शुद्ध! रात्रपाळीच्या काकांना फोन लावला. किती पोरं आहेत? "अकरा. त्यातला एक घोरतोय."

चूक माझी, माहितीपत्रक वाचलं नव्हतं. हा सेन्सर आपोआप स्वतःला सुधारतो : चोवीस तासांतला सगळ्यात कमी आकडा म्हणजे ताजी हवा असं धरून त्याला ४०० मानतो. ऑफिस किंवा शाळेत हे चालतं, तिथे रात्री खोली रिकामी होते. आपली अभ्यासिका कधीच रिकामी होत नाही, त्यामुळे अकरा पोरांच्या हवेलाच तो ताजी समजत गेला. दहा दिवसांच्या नोंदी फुकट. एका आज्ञेने ही सवय बंद करता येते, ती पहिल्या दिवशीच पाठवायची असते.

बंद केली, गच्चीवर नेऊन पुन्हा शून्य लावला, म्हणजे 'ही ताजी हवा, हिला ४०० मान' असं त्याला सांगितलं. वीस मिनिटं स्थिर ठेवून मग लावायचा असतो. मी तो हातात धरून, त्यावर वाकून बघत बसलो होतो. माझा श्वास त्याने 'ताजी हवा' म्हणून नोंदवला. त्यानंतर गच्चीवर ठेवून लांब गेलं की ३१०. पृथ्वीवर ३१० होता तो १९५८च्या आधी. हवाईतल्या मौना लोआवर मोजणी सुरू झाली तेव्हाच ३१५ होता.

९ फेब्रुवारी

वैतागून एससीडी४१ हा दुसरा सेन्सर घेतला, ३,९०० रुपये. नखाएवढा आहे, दर पाच सेकंदांनी आकडा देतो. जुना सेन्सर डब्यात गेला. गच्चीवर नवा ठेवला आणि यावेळी दहा फूट लांब उभा राहिलो. ३९८. खूश झालो, ४०० म्हणजे बरोबरच की.

रात्री अंथरुणावर लक्षात आलं की ४०० हा जुन्या पुस्तकातला आकडा, यायला हवा ४२५. अशा सेन्सरला हवेचा दाब सांगावा लागतो, नाहीतर तो स्वतःला समुद्रकाठी समजतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर. इथे हवा सुमारे साडेसहा टक्के विरळ, तेवढाच आकडा कमी दिसतो. उंची भरली (मोजणी थांबवून मग भरायची, चालू असताना आज्ञा ऐकतच नाही) आणि गच्चीवर ४२७ आला. तसा या सेन्सरच्या अचूकतेतच पन्नासेक पीपीएमचं खाली-वर धरलेलं आहे, त्यामुळे ४२७ वर नाचण्यात अर्थ नाही. पण ३,०००च्या ठिकाणी २०० चा फरक पडतो. मुंबई-पणजीवाल्यांना ही कटकट नाही. पाचगणीवाल्यांनी मात्र विसरू नये.

यातही आपोआप सुधारणा आहेच. ती बंद केली.

१६ फेब्रुवारी

आठवडाभराच्या खऱ्या नोंदी हातात आल्या. सकाळी सातला १,३००. अकराला २,२००. जेवणाच्या वेळी पोरं उतरतात तेव्हा १,६००. रात्री आठ-साडेआठला, ४५ च्या आसपास पोरं असताना, ३,३०० ते ३,४२०.

मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला. "म्हणजे किती टक्के?" म्हटलं, ०.३४ टक्के. "हात्तिच्या!" विषय संपला असं मला वाटलं.

मग वेगळं सांगून बघितलं. माणूस बाहेर सोडतो त्या हवेत सीओटू साधारण चार टक्के, म्हणजे ४०,०००च्या आसपास. खोलीत बाहेरपेक्षा ३,००० जास्त आहे. म्हणजे इथल्या हवेचा बारावा-तेरावा हिस्सा कुणाच्या तरी छातीतून आधीच फिरून आलेला आहे. दर तेराव्या श्वासाला तुम्ही दुसऱ्याचा श्वास घेताय.

मामा थांबले. "म्हणजे उष्टी हवा."

हो, उष्टी हवा. मामांच्या घरात कुणी उष्ट्या तांब्याने पाणी प्यालेलं चालत नाही. त्या एका शब्दाने जे झालं ते तीन आठवड्यांच्या आलेखांनी झालं नव्हतं. पंख्याचा खर्च मंजूर.

२३ फेब्रुवारी

आकडा पोरांनाही दिसावा म्हणून खांबावर मोठा पडदा लावला, १,५०० च्या वर लाल. घोडचूक. संध्याकाळी सहाला लाल झाला आणि तीन पोरी काउंटरवर : "दादा, ऑक्सिजन संपत आलाय का?" एकीने घरी फोटो पाठवला, तिच्या आईचा परभणीहून मामांना फोन : गीझरने माणसं दगावतात तोच गॅस का हा?

तो नाही. गॅस गीझरने दगावतात तो कार्बन मोनॉक्साइड, हा डायऑक्साइड. माझा सेन्सर मोनॉक्साइड ओळखतच नाही, त्यामुळे बाथरूममध्ये गीझर असेल तर याच्या भरवशावर राहू नका. ऑक्सिजनचं म्हणाल तर ३,००० पीपीएमला तो एकवीस टक्क्यांवरून फार तर पाव-अर्धा टक्का हलतो. कारखान्यांत आठ तासांच्या पाळीसाठी सीओटूची मर्यादाच ५,००० धरतात. इथे कुणी गुदमरत नव्हतं. हा आकडा म्हणजे हवा किती वेळ कोंडलीय याची खूण, एवढंच. एकाला सर्दी झाली की शेवटची रांग का शिंकते, तेही त्यातच आलं.

लाल रंग काढला. आता पडद्यावर 'खिडकी उघडा' किंवा काहीच नाही.

२ मार्च

पंखा येईपर्यंत फुकटचा उपाय करून बघितला. फिल्म फाडून दोन्ही बाजूंच्या खिडक्या मोकळ्या केल्या आणि नियम लावला : दर तासाला दहा मिनिटं उघड्या. आकडा २,९०० वरून दहा मिनिटांत १,३००. कमाल वाटली. खिडक्या लावल्या आणि अर्ध्या तासात पुन्हा २,३००च्या वर.

नियम चार दिवस टिकला. खिडकीशेजारच्या सीटला मामा शंभर रुपये जास्त घेतात. तिथल्या पोराचं म्हणणं : "पैसे जास्त घेता आणि वर धूळ खायला लावता." बाहेर हॉर्न, एकदा वरातीचा बँड, संध्याकाळी डास. खिडकी कोण उघडणार यावरून शनिवारी भांडण झालं. रविवारी सगळ्या खिडक्या पुन्हा बंद, एकीच्या कडीला कुणीतरी तार गुंडाळलेली.

९ मार्च

तपकीर गल्लीतून बारा इंची एक्झॉस्ट फॅन, २,६५० रुपये. खोक्यावर ताशी १,५०० घनमीटर लिहिलेलं. मागच्या बाजूच्या स्लायडिंग खिडकीचं एक तावदान काढून तिथे प्लायवूडचा तुकडा, त्यात भोक पाडून पंखा.

गणित मी आधीच केलं होतं. बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर सीओटू सोडतो. ४५ जण म्हणजे ०.८१ घनमीटर. खोली ४० बाय १८ फूट, उंची साडेनऊ, म्हणजे १९४ घनमीटर. आकडा १,००० च्या आसपास ठेवायचा तर ताशी १,४०० घनमीटर बाहेरची हवा हवी. पंखा १,५०० चा. एकाच पंख्यात काम होणार.

झालं काय, तर संध्याकाळी आकडा २,३०० च्या खाली उतरेना. त्यात दार उघडायला जड झालं, सोडलं की धाडकन आपटायला लागलं. आणि अर्ध्या तासात सगळ्या खोलीत बाथरूमचा वास. वर खालच्या गाडीवरच्या वडे तळण्याचा धूर जिन्यातून सरळ आत. साडेसातला चार पोरं पुस्तकं मिटून वडापाव खायला गेली.

पंखा हवा बाहेर फेकायला तयार होता, पण आत यायला वाटच नव्हती. मग तो जिथून मिळेल तिथून ओढणार : बाथरूमच्या जाळीतून, दाराच्या फटीतून. हे मला कारखान्यात कुणी विचारलं असतं तर मी झोपेत सांगितलं असतं.

१४ मार्च, धुळवड

वर्षातले मोजके दिवस ही खोली रिकामी होते, त्यातला आज एक. सकाळी आठला शेवटचा पोरगा गेला आणि मी दार लावून घेतलं. रिकाम्या खोलीत सीओटू वाढवायचा आणि तो किती वेगाने उतरतो ते बघायचं; त्यावरून खरी किती हवा बदलते ते कळतं.

सीओटू आणायचा कुठून? एक किलो खायचा सोडा आणि पाऊण किलो लिंबूसत्त्व. बादलीत पाणी घालून एकत्र केलं की या खोलीत दीड हजाराच्या आसपास आकडा वाढतो. तीन वेळच्या मालाला सातशेच्या आत खर्च. किराणावाल्याने विचारलं, "केटरिंगचं काम घेतलंय का?" घटक टाकायचे, छताचे पंखे चालू ठेवून हवा ढवळायची आणि स्वतः बाहेर जाऊन फोनवर आकडा बघायचा.

पहिली बादली, पंखा बंद, दारं-खिडक्या बंद : २,६४० वरून १,१८० यायला सव्वा तास. बाहेरचे ४२५ दोन्हीकडून वजा करायचे, भागाकाराचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि तासांनी भागायचं. उत्तर ०.८६. म्हणजे तासाभरात खोलीतली हवा एकदाही पूर्ण बदलत नाही. १९४ घनमीटरांच्या खोलीत ताशी सुमारे १६५ घनमीटर, तेही फटींतून. पोरं असताना दार सारखं उघडतं म्हणून थोडं जास्त होत असेल.

दुसरी बादली. घाईत सगळं लिंबूसत्त्व एकदम ओतलं. फेस उसळून बादलीबाहेर आला, पाच ते आठ नंबरच्या सीटखाली पांढरा चिखल. पुसायला चाळीस मिनिटं. मावशी सुट्टीवर, मीच पुसलं. थोडं थोडं टाका, आणि बादली दुप्पट मोठी घ्या.

पंखा चालू, सगळं बंद : २,५१० वरून १,०९० यायला ४० मिनिटं. ताशी ३३० घनमीटर. खोक्यावर १,५००, हातात ३३०.

तिसरी बादली. तोच पंखा, फक्त समोरच्या भिंतीतली खिडकी वीतभर उघडी : २,४५० वरून ८०० यायला वीस मिनिटं. ताशी ९८० घनमीटर.

पंखा तोच, वीजही तेवढीच. वीतभर फटीने तिप्पट काम केलं. मी दोन महिने सेन्सरवर घालवले आणि उत्तर समोरच्या भिंतीत होतं. बाहेर पोरं रंग उडवत होती, माझ्या विजारीवर सोड्याचे डाग.

३० मार्च, पाडवा

समोरच्या भिंतीतल्या दोन खिडक्यांची एकेक पट्टी काढून तिथे पत्र्याच्या पेट्या बसवल्या, प्रत्येकी दीड फूट बाय दीड फूट, आत जाळी आणि धुता येणारा फिल्टर. पत्रेवाल्याने मजुरीसकट ४,४०० घेतले. पहिल्या पेटीचं माप मी बाहेरून दिलं, त्याने आतून धरलं. पेटी खिडकीत मावेना, घासून बसवली.

दार आता आपटत नाही, बाथरूमचा वास गेला. रात्री आठला १,३८०.

नवी तक्रार, सीट ३१ ची : "मानेवर गरम वारा येतो." बरोबर आहे. बाहेर ३८ अंश, आत २६. पेटीच्या तोंडाशी वर वळलेला पत्रा लावला, म्हणजे येणारी हवा छताकडे जाऊन एसीच्या गार हवेत मिसळून खाली येते. आधी खाली वळवला होता. मग घोट्यांना गरम लागायला लागलं.

१३ एप्रिल

दुसरा पंखा बसवला. दोन्ही चालू असले की ४६ पोरांना १,०८०. इथेच थांबलो असतो तर चाललं असतं. पण दोन्ही पंखे चोवीस तास चालू म्हणजे रात्री अकरा पोरांसाठीही बाहेरची सगळी हवा एसीने गार करायची. बाहेर ३८, आत २७, ताशी १,००० घनमीटर हवा आणायची तर तेवढ्यासाठीच जवळजवळ एका टनाचा एसी खर्ची पडतो. म्हणून आकड्यावर चालणारे पंखे : ९०० ला पहिला, १,२०० ला दुसरा, आणि २०० ने उतरल्याशिवाय बंद नाही. हे अंतर ठेवलं नाही तर पंखा दर अर्ध्या मिनिटाला चालू-बंद होतो. मी आधी ५० ठेवलं होतं. मधल्या रांगेने हात जोडले.

बोर्डाच्या हुकमावर पंखा चालू-बंद करणारा स्विच, म्हणजे रिले मॉड्यूल, १८० रुपयांचं. पंखा बंद होताना ठिणगी पडायची आणि ईएसपी३२ गोठून बसायचा. दोनदा बोर्ड बदलायच्या बेतात होतो, एकदा बदललाही, ४८० फुकट. कारण बोर्ड नव्हताच, पंख्याची मोटर होती. रिलेच्या टोकांना १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर अशी ठिणगी शोषणारी जोडी लावली, बोर्डाला वेगळा अडॅप्टर दिला. थांबलं. विजेच्या मुख्य लाइनचं काम वायरमनकडूनच करून घेतलं (१,९०० रुपये). २३० व्होल्टमध्ये आपण हात घालायचा नाही.

१७ एप्रिल

रात्री नऊला मामांचा फोन : "तुझं मशीन काय म्हणतंय? इथे परत एसटी झालीय."

फोनवर आकडा बघितला : ०. सेन्सरची एक वायर सैल झाली होती. आकडा मिळाला नाही की माझा प्रोग्राम शून्य धरत होता, आणि शून्य म्हणजे हवा एकदम स्वच्छ, पंखे बंद. तीन तास सगळं बंद. वायर खोचली तेव्हा २,७२०.

दोन बदल केले. ३५० च्या खालचा आकडा किंवा दोन मिनिटांत नवा आकडा नाही, तर बिघाड समजून दोन्ही पंखे चालू. आणि रिले उलटा जोडला : बोर्ड मेला, तरी पंखा चालू राहतो. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं.

४ मे

एप्रिलचं बिल मागच्या एप्रिलपेक्षा ३,७०० रुपयांनी जास्त. मामांनी बिल टेबलावर ठेवलं, काही बोलले नाहीत. सीटमागे ७१ रुपये होतात. मी उन्हाळ्यापुरते आकडे वर सरकवले : १,००० आणि १,४००. संध्याकाळी आता साधारण १,३०० राहतं. एक हजाराच्या आतच पाहिजे असा हट्ट धरणाऱ्यांनी मे महिन्यात पुण्यात दुसऱ्या मजल्यावर बिल भरून बघावं.

फिल्टर पाच आठवड्यांत राखाडी झाले. धुतल्यावर बादलीतलं पाणी चहासारखं. आकडा हळूहळू ८०-१०० ने चढला होता तो धुतल्यावर उतरला. आता दर तीन आठवड्यांनी धुवायचे, मावशींना त्याचे वेगळे पैसे.

आतापर्यंतचा खर्च : कामाला आलेलं १९,८३० (सेन्सर, बोर्ड, पडदा, दोन पंखे, प्लायवूड आणि सुतार, पेट्या, वायरिंग). वाया गेलेलं ४,६१०. रविवार चौदा.

२५ मे

आज यूपीएससीची पूर्वपरीक्षा. निम्मी अभ्यासिका पहाटेच परीक्षेला गेली, उरलेली झोपायला. सेन्सर तपासायला याहून चांगला दिवस नाही. गच्चीवर ठेवला, लांब उभा राहिलो. ३९६.

हा आकडा ओळखीचा होता. उंचीची सेटिंग उडाली होती. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. दिवे-पंखे इन्व्हर्टरवर, सेन्सरचा अडॅप्टर मात्र साध्या प्लगवर. सेटिंग भरल्यावर ती सेन्सरमध्ये कायमची साठवायची वेगळी आज्ञा असते, ती मी दिलीच नव्हती. म्हणजे पहिल्याच गुरुवारी उंची शून्य झाली आणि आपोआप सुधारणा पुन्हा चालू झाली. सुधारणा चालू राहूनही आकडा फार खाली घसरला नाही, कारण पंखे बसल्यापासून पहाटे खोलीतली हवाही बरीच ताजी असते. हे नशीब, हुशारी नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतरचे वर लिहिलेले सगळे आकडे सहा-सात टक्क्यांनी कमी आलेत असं समजा, खरे तेवढे जास्त. धुळवडीच्या उत्तरांना तेवढासा धक्का नाही. तिथे चढलेल्या आणि उतरलेल्या आकड्यांचा भागाकार होतो, चूक बरीचशी कटते.

सेटिंग भरली, साठवली, प्लग काढून पुन्हा लावून तपासली. ४२४. आता बोर्ड चालू होतानाही दर वेळी तीच सेटिंग नव्याने पाठवतो.

२८ मे

पाऊस यंदा मे महिन्यातच. परवा रात्री पश्चिमेकडून झड आली आणि एका पेटीतून सरळ आत. सीट ३१ च्या नोट्स भिजल्या, पंचायतराजचं अख्खं प्रकरण. तोच तो, गरम वाऱ्यावाला. त्याने पानं एसीखाली दोरीवर वाळत घातलीत आणि मला काही बोलला नाही, हे जास्त लागलं. मामांनी या महिन्याचे त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्या पेटीला तात्पुरतं प्लास्टिक बांधलंय, म्हणजे एकच वाट उघडी. आकडा काल रात्री १,६९०. पत्रेवाल्याला पावसाळी टोपीचं माप दिलं : रुंदी वीस इंच, पुढे चौदा इंच, ४५ अंशांत खाली उतार, बाजूंना पत्रा. यावेळी कागदावर 'बाहेरून' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. शुक्रवारी देतो म्हणालाय.